खराडीच्या पूर्वेची सुगी

पुणे शहराच्या पूर्व अंगाला, मुळा-मुठेच्या डाव्या तीरावर आणि नगर रस्त्याच्या कडेने पसरलेली खराडी ज्यांना संगणकाच्या व्यवसायामुळेच ठाऊक झाली, त्यांना तिच्या काचेच्या उंच इमारतींखाली एके काळी पिकाची जमीन होती याचे स्मरण राहावे असे आता तेथे फारसे काही उरलेले नाही. परंतु महसुलाचे दप्तर असे सहजासहजी विसरत नाही. १९९७ च्या हद्दवाढीत खराडी महापालिकेत आली. त्यापूर्वी येथील जमिनीची ओळख तिच्या गट नंबराने, आकाराने आणि पीकपेऱ्याने होत असे. बाजरी, ज्वारी, हरभरा, कडवळ अशी पिके गाव नमुना बाराच्या रकान्यात तलाठ्याच्या हस्ताक्षराने हंगामागून हंगाम उतरत, आणि एखाद्या गटावर बिगरशेतीचा हुकूम झाला म्हणजे त्या रकान्यातील ही परंपरा कायमची खंडित होई. येथे घर करून राहणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली असा एखादा बंद पडलेला रकाना आहे, ही जाणीव मनात ठेवून मी दर वर्षी मार्गशीर्ष लागला की पूर्वेची वाट धरतो.

नदीच्या दोन तीरांचे भाग्य येथे पूर्वापार निरनिराळे राहिले. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले आणि त्याच्या उजव्या कालव्याने पलीकडच्या हडपसर-मांजरीच्या शिवारांत बारमाही पाणी खेळविले. ऊस, भाजीपाला आणि पुढे द्राक्षे यांनी ती भूमी इतकी संपन्न झाली की १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि आज वसंतदादा पाटलांच्या नावाने चालणारी साखर उद्योगाची संशोधन संस्था आणि त्यानंतर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही दोन्ही मांजरीतच वसली. अलीकडच्या तीराला मात्र त्या कालव्याचा लाभ नव्हता. विहीर, मोट, नदीवर बसविलेले इंजिन आणि या सर्वांच्या वर आभाळ, एवढ्यावरच इकडच्या शेतकऱ्याची भिस्त असे. म्हणून नदीकाठचे मळे सोडले तर या बाजूची जमीन मुख्यतः जिरायत, आणि जिरायतीचे मानाचे पीक म्हणजे रब्बीची ज्वारी.

वाघोली ओलांडून केसनंद फाट्यावर उजवीकडे वळले आणि केसनंदही मागे टाकले, की खराडीपासून तासाभराच्या आतच ही ज्वारी भेटते. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसावर भाद्रपद-आश्विनात पाभरीने पेरलेले हे पीक पुढे पावसाच्या एका थेंबाचीही अपेक्षा न करता जमिनीने पोटात साठविलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर वाढते, हे त्याचे वैशिष्ट्य मला फार आदरणीय वाटते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी पिढ्यान् पिढ्या या मुलखाची भाकर झाली, ती याच सोशिकपणाच्या बळावर. पौषात तिची ताटे पुरुषभर उंचीची होतात, कणसे भरून वाकू लागतात, सकाळच्या थंडीत पानांवरून दव निथळत असते आणि पाखरे हाकणाऱ्याचा आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात जात राहतो. हरभऱ्याच्या शेतातून चालणाऱ्याच्या पायांना त्याची आंब लागते आणि बांधावरच्या बोरी पिकलेल्या फळांनी लवलेल्या असतात. अशा वेळी जे खाण्यासाठी शहरातली माणसे शेताकडे धाव घेतात, तो हुरडा.

अष्टापूरच्या वाटेवरील एका परिचित कुटुंबाच्या शेतात मी हा सोहळा पुष्कळदा पाहिला आहे. बांधालगत हातभर खोलीची आगटी खणून तीत गोवऱ्या पेटविलेल्या असतात; ज्वाळा शमून निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर धरला, की घरातील वृद्ध आजी शेजारी पोते टाकून बसतात आणि मुलांनी नुकतीच मोडून आणलेली कणसे एकेक करून पारखतात. कणीस दुधात असेल तर दाणा तळहाताला चिकटतो आणि पिकण्याकडे झुकले असेल तर दाताला लागतो. या दोहोंमधले नेमके कणीस त्या नखाने एक दाणा दाबून ओळखतात आणि मग देठ बाहेर ठेवून ते राखेत खुपसतात. दाण्याचा पोपटी रंग किंचित करडा झाला, गोडसर वाफेचा वास आला, की कणीस बाहेर येते आणि ते तसेच धगधगीत असताना दोन्ही तळहातांत धरून चोळले जाते. दाणे सुपात ओघळतात, एका फुंकरीसरशी तूस उडून जाते आणि मूठभर हिरवे, मऊ, वाफाळलेले धान्य आपल्यापुढे येते. पहिल्या खेपेस मी संकोचाने म्हणालो, "आजी, तुमचं होऊ द्या, मग आम्ही घेतो." त्यावर मान वर न करता त्या म्हणाल्या, "गरम हाय तवर खावा. गार झाल्यावर त्यात काय राह्यलं?" सोबत शेंगदाण्याची चटणी, ओल्या लसणाचे तिखट, घट्ट दही आणि गुळाचा खडा असतो, मधूनच आगटीत हरभऱ्याचे डहाळे टाकून हुळा भाजला जातो, आणि त्याची काळवंडलेली घाटी फोडताना हातातोंडाला जी काजळी लागते तिची कोणालाच लाज वाटत नाही.

आजींच्या त्या वाक्यात या अन्नाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. हुरडा ही धान्याच्या आयुष्यातील जेमतेम आठ-दहा दिवसांची अवस्था. दाण्यातील बरीचशी साखर पिष्टात बदलण्यापूर्वीचा हा अवधी एकदा ओलांडला, की त्या कणसाची भाकरी होईल, हुरडा होणार नाही. गुळभेंडी, सुरती असे गोड वाण शेतकरी त्यासाठी मुद्दाम राखून ठेवतो, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही केवळ हुरड्यासाठी फुले उत्तरा हा वाण सिद्ध केला आहे. परंतु वाण कोणताही असो, आगटीपासून तोंडापर्यंतचे अंतर वाढले की चव उणावते. अलीकडे हुरडा गोठवून पाकिटांतूनही विकला जातो, आणि ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांची त्यावर सोय होते हे खरे, तरीही आगटीशेजारी बसून खाल्लेल्याने त्या पाकिटात तीच वस्तू शोधू नये. आपल्या युगात जवळजवळ प्रत्येक अन्न खाणाऱ्याकडे येते. शीतगृहे, मालमोटारी आणि घरपोच सेवा यांनी ऋतू आणि स्थळ या दोन्ही मर्यादा पुसून टाकल्या आहेत. हुरडा मात्र खाणाऱ्यालाच आपल्याकडे बोलावतो. त्याच्या वेळेला आपण गेलो नाही तर तो आपल्यासाठी थांबत नाही, आणि वर्षातून एकदा का होईना, शहराला शेताच्या सवडीने वागावयास लावणारे हे सामर्थ्य मला त्याच्या चवीइतकेच मोलाचे वाटते.

आपल्या पूर्वजांनी ही गाठभेट दैवावर न सोपविता पंचांगातच गुंफून ठेवली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ओला हरभरा, पावटा, वांगी, गाजर, वाल यांची एकत्र भाजी करावयाची, म्हणजे त्या पंधरवड्यात शिवारात जे जे आले ते ते एका ताटात यावे. दुसऱ्या दिवशी मातीच्या सुगडात उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि तीळगूळ घालून त्याची पूजा करावयाची. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत मार्गशीर्ष सरताना येणाऱ्या वेळ अमावास्येला तर गावेच्या गावे ओस पडून शेतात जेवावयास जातात, आणि त्या जिल्ह्यांतून नोकरीसाठी खराडीत आलेली तरुण मंडळी त्या दिवशी भज्जी आणि आंबिलीच्या आठवणीने व्याकूळ होतात, हे मी जवळून पाहिले आहे. खराडीच्या चौकांतही पौषात सुगडांच्या राशी लागतात आणि तेराव्या मजल्यावरच्या देवघरात ती सुगडे भक्तिभावाने मांडली जातात. मात्र त्यातील ओंबी कोणत्या शेतातून आली हे सांगता येईल असे घर आता विरळ झाले आहे.

शेतावर जाणाऱ्याने केवळ आगटीपाशी बसून परतू नये असे मला कळकळीने वाटते. हुरड्यानंतर महिन्याभराने जो जाईल त्याला काढणी दिसेल, आणि रब्बी ज्वारीची काढणी पाहिल्यावाचून भाकरीची किंमत कळत नाही. टणक झालेले ताट या भागात बहुधा मुळासकट उपटावे लागते. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, दिवसभर. पेंढ्या बांधणे, कणसे मोडणे, कडब्याचे बुचाड रचणे ही कामे त्यानंतरची. खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पाथ आणि वावडीवर उभे राहून वाऱ्याला धान्य देणारा उफणकरी ही दृश्ये मळणी यंत्राने इतिहासजमा केली, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण त्यात माणसांचे आणि जनावरांचे फार हाल होत. परंतु उपटणीसाठी मजूर मिळणे दर वर्षी अधिक दुष्कर होत चालले आहे आणि ज्वारीचा पेरा कमी होण्याचे हे एक मोठे कारण शेतकरी स्वतःच सांगतात. दाण्याइतकाच कडब्याचा पैसा हाती येतो म्हणून पुष्कळांच्या हिशेबाचा मेळ बसतो, एरवी तो बसला नसता.

या हिशेबाची चौकशी याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी फार बारकाईने झालेली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि १९२१ मध्ये कानिटकर यांच्या साहाय्याने आमच्या याच नगर रस्त्याच्या बाजूच्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा अभ्यास दिला. पिंपळे सौदागरात १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांची असलेली खातेदाराची धारणा १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती, असे त्यांना आढळले. ते गाव आज पिंपरी-चिंचवडचे भरवस्तीचे उपनगर आहे. त्याच्या सात एकरांचे पुढे चौरस फूट झाले. खराडीनेही तोच मार्ग धरला, आणि २०२१ मध्ये वाघोली महापालिकेत आल्यापासून तो मार्ग केसनंदच्या दाराशी येऊन ठेपला आहे. शेतकऱ्याने जमीन विकली म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार त्या जमिनीवर बांधलेल्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. पिकाने पोट भरत नाही आणि भूखंडाने पिढीचा प्रश्न सुटतो, असे दिसल्यावर कोणीही संसारी मनुष्य तेच करील.

म्हणूनच जेथे शेतीला दुसऱ्या उत्पन्नाचा आधार मिळतो, तेथील दृश्य आशा देणारे वाटते. शिक्रापूरहून आत गेल्यावर शिरूर तालुक्यात लागणारी मोराची चिंचोली मोरांसाठी प्रसिद्ध होतीच. तेथील कुटुंबांनी आपली अंगणे पाहुण्यांना मोकळी केली, आणि आज हिवाळ्यात तेथे हुरडा, पिठले-भाकरी, बैलगाडीचा फेरफटका यांसाठी पुण्याहून माणसे जातात. शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर करून या व्यवसायाला अधिकृत मान्यता दिली. तसेच दौंडकडे निघाले म्हणजे रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळे लागतात. चुलवणात चिपाडे ढकलणारा जाळव्या, काहिलीतील उकळत्या रसावरची मळी काढणारे हात आणि पाक नेमका केव्हा उतरवावयाचा हे केवळ त्याच्या बुडबुड्यांवरून सांगणारा गुळव्या, हे पाहिल्यावर द्रोणातील ऊन ऊन काकवीची गोडी अधिक अर्थपूर्ण होते. या सर्व ठिकाणी आपण दिलेला पैसा आडत, हमाली आणि तोलाई यांच्या वाटेने न जाता थेट पिकविणाऱ्याच्या हाती पडतो.

परंतु एका दिवसाच्या पाहुणचाराने शिवार टिकत नाही. त्याला वर्षभराचे गिऱ्हाईक लागते. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत फार जुनी अशी एक रीत होती, की सुगी झाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी, गहू आणि डाळी एकदम भरावयाच्या. वाळवण, निवडण आणि कणग्या यांना जागा नाही म्हणून ती रीत मागे पडली, तरी चार शेजाऱ्यांनी मिळून दोन पोती ज्वारी आणली तर ती खराडीच्या सदनिकेतही सहज मावते. तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे, की या पौषात मुलाबाळांना घेऊन केसनंद, अष्टापूर, कोलवडी यांपैकी कोणत्याही वाटेने जा, परवानगी मागून शेतात पाऊल ठेवा, हुरडा गरम आहे तोवर खा; आणि उठण्यापूर्वी त्या घरच्या कर्त्या माणसाला फाल्गुनात किती ज्वारी देता येईल हे विचारून, तो सांगेल त्या भावाने, घासाघीस न करता, विसार देऊन या.