चाप दाबला, पण गोळी सुटलीच नाही!

सुट्टीत मुलांना पेंटबॉल खेळायला नेणार आहात? मग ही पाच मिनिटं माझ्यासोबत काढा.

मी राहते जबलपूरच्या सदरमध्ये, म्हणजे छावणीच्या बाजारात. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. अशा गावात ‘मिसफायर’ हा शब्द लहानपणीच कानावर पडतो. फॅक्टरीत नोकरी केलेले आजोबा सांगायचे, ‘बंदूक चालली नाही तरी ती भरलेलीच समजायची. नळी समोर ठेवायची आणि थांबायचं.’ हाच नियम पेंटबॉललाही लागू आहे.

या खेळातल्या बंदुकीला ‘मार्कर’ म्हणतात, कारण ती मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनली होती. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी १२ जणांनी तीच घेऊन पहिला खेळ मांडला. आतली गोळी म्हणजे जिलेटिनच्या कवचात भरलेला रंग. पण तिला खेळणं समजू नका. मैदानावर सहसा वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर! अंगावर बसली तर वळ उठेल, पण उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते.

आता समजा, मार्कर अडला. मुलं पहिल्यांदा काय करतात? मास्क वर सरकवतात आणि नळीत डोकावतात. नेमकं हेच करायचं नाही. मास्क तसाच ठेवा, चापावरचं बोट काढा, सेफ्टी लावा, नळीवर कव्हर चढवा आणि मैदानाबाहेर या. मग कारण शोधा.

‘फट्’ आवाज येतो, पण गोळी येत नाही? वरच्या डब्यात, म्हणजे हॉपरमध्ये, गोळ्या अडकल्या असतील. हॉपर हलवून बघा. नळीतून रंगाचे शिंतोडे उडतात? आत गोळी फुटली आहे. नळी काढून आतून पुसायला हवी, नाहीतर पुढच्या गोळ्याही फुटतील. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण जिलेटिन दमट हवेत फुगतं. चिकटलेल्या, चेपलेल्या गोळ्या सरळ बाजूला काढा.

‘स्स्स’ आवाज येतोय? सिलिंडरच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग झिजली असेल. ते काम मैदानावरच्या माणसाचं, आपण पाना लावायचा नाही. घरातलं मशीनचं तेलही घालू नका, त्यानं रबर खराब होऊ शकतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एकदाच चाप दाबल्यावर भराभर चार-पाच गोळ्या सुटणं. मुलांना वाटतं, मशीनगन झाली! भाड्याच्या साध्या मार्करमध्ये हे बहुधा गॅस संपत आल्याचं लक्षण असतं. दाब कमी पडल्यानं आतला हातोडा पूर्ण मागे जाऊन अडकत नाही, पुन्हा पुन्हा पुढे येतो. खेळ थांबवा, सिलिंडर बदलून घ्या.

उन्हाळ्यात उलटा धोका असतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तापला की दाब वाढतो आणि गोळीचा वेगही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सिलिंडर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणं नकोच. सकाळी मोजलेला वेग दुपारी तोच राहील असंही नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. इथे वेग मोजायचं यंत्र आहे का? आणि मार्कर अडला तर मुलांनी कुठे जायचं? उत्तर देताना समोरचा चाचपडला, तर मुलांना घेऊन सरळ आइस्क्रीम खायला जा. थोडी रुसतील, पण तेवढं चालेल.