डावीकडची तक्रार

अंथुर्णे हे आमचे गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस, जवळचे वालचंदनगर आणि आषाढात तुकोबांच्या पालखीचा एका रात्रीचा मुक्काम, एवढी त्याची ओळख बाहेरच्यांना पुरते. आमच्या घराची ओळख मात्र गावात बराच काळ एका यंत्रावरून सांगितली जाई. 'स्टिरिओवाल्या गुरुजींचे घर' म्हटले की पत्ता कळे. अण्णा शाळेत मराठी शिकवत. १९८४ साली त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर आणले. एसटीच्या टपावर दोरखंडाने बांधून ते गावी पोचले, त्या दिवशी शाळा अर्धी सुटली होती असे सांगतात. पालखीच्या मुक्कामाला आमच्या ओसरीवर वारकरी उतरत आणि अण्णा त्यांना भीमसेनजींच्या अभंगवाणीची तबकडी ऐकवत. एका वर्षी एक म्हातारे वारकरी ती शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत बसले आणि उठताना म्हणाले, "आवाज देवाघरचा आहे गुरुजी, पण ही चाल आमची नव्हं." अण्णांना ते इतके पटले की पुढे कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होते.

आम्ही दोघे बहीणभाऊ. थोरली पुण्यात एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणे सांभाळते, धाकटा महाविद्यालयात मराठी शिकवतो. हे टिपण दोघांचे मिळून आहे, कारण ज्या अपराधाची ही हकिगत आहे तोही दोघांनी मिळून केला होता.

१९९३च्या मे महिन्यातली ती गोष्ट. रात्री शेतीपंप सुरू-बंद झाले की गावातला दाब वर-खाली होई आणि स्टिरिओचा फ्यूज जाई. काचेच्या नळीतला तो दीड अँपिअरचा फ्यूज आणायला बारामती गाठावी लागे. अण्णा परगावी गेले होते आणि आम्हांला गाणी ऐकायची होती. घरोघरी पाहिलेला उपाय आम्ही केला. जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून ती फ्यूजच्या दोन टोकांना गुंडाळली. यंत्र सुरू झाले. केसासारखी दिसणारी ती तार दीड अँपिअरच्या कितीतरी पट प्रवाह मुकाट्याने वाहून नेते, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. फ्यूजचे काम वेळेवर मरण्याचे असते. तो मरायचा नाकारला की त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी मरावे लागते. तिसऱ्या रात्री रोगण जळाल्याचा वास आला आणि गाणे अर्ध्यावर थांबले. आम्ही प्लग काढला, वर अभ्रा घातला आणि कुणाला काही बोललो नाही. जूनमध्ये आम्ही दोघेही शिक्षणासाठी पुण्याला आलो. दिवाळीत घरी गेलो तेव्हा अभ्रा तसाच होता. त्यानंतर तो कधी निघाला नाही. अण्णा २०१२ साली गेले. शेवटच्या एकोणीस वर्षांत त्यांनी एकही तबकडी लावली नाही आणि त्याला कारण आमची तार, असे आम्ही दोघेही मनातल्या मनात धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीनंतर आईने पुढची खोली मोकळी करायचे काढले. भंगारवाल्याने ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा भाव सांगितला. तो आकडा ऐकल्यावर धाकट्याने ठरवले की हे यंत्र आपणच उघडायचे, आणि थोरलीने ठरवले की तो एकटा ते उघडणार नाही.

दुरुस्तीबद्दल आमच्यासारख्या पुस्तकी माणसांचा असा समज असतो की ती पेचकस हातात घेतल्यावर सुरू होते. थोरलीच्या शिस्तीत पेचकस फार उशिरा आला. वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र 'चालते का बघू' म्हणून सरळ प्लगला लावायचे नाही, हा तिचा पहिला नियम. आतले जुने कंडेन्सर सुकलेले असतात, कुठे उंदराने वायर कुरतडलेली असते आणि पहिल्याच क्षणी जे वाचले असते तेही जळून जाते. दुसरा नियम, नुसते बटण बंद करून चालत नाही, प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा. तिसरा नियम धाकट्याला त्या वेळी निव्वळ वेळकाढूपणा वाटला. कशालाही हात लावण्यापूर्वी यंत्र जसे आहे तसे सर्व बाजूंनी टिपून घ्यायचे. कोणते बटण कुठे वळलेले आहे, कोणती वायर कोणत्या खाचेत आहे, हे सगळे. मोबाइलने अशी चाळीसेक छायाचित्रे निघाली. मग स्क्रू निघाले आणि ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने आईच्या वाट्यांमध्ये गेले.

आत धुळीचा थर होता. त्यात एका पालीचा वाळलेला सांगाडा निघाला. रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडली. दोन मोठे कंडेन्सर, ४,७०० मायक्रोफॅरडचे, डोक्यावर फुगलेले होते. ते बदलायचे तर धारणशक्ती तीच हवी, व्होल्टेज तितके किंवा थोडे जास्त चालते, आणि धन-ऋण टोके उलटी झाली तर कंडेन्सर फुटून अंगावर येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ते आणि रेकॉर्ड प्लेअरचा रबरी पट्टा आणायला पुढचा शनिवार उजाडला. जुना पट्टा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता.

भाग बसवल्यावरही प्लग थेट लावला नाही. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तंतूचा बल्ब वाटेत जोडला. त्यासाठी एलईडी उपयोगाचा नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळा भार बल्ब स्वतःवर घेतो आणि लख्ख पेटून राहतो. सगळे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब उजळला आणि मंद झाला. धाकट्याला इतका आनंद झाला की बटण बंद करून, प्लग काढून, एका सैल दिसणाऱ्या डाकेकडे त्याने लगेच हात नेला. थोरलीने त्याचे मनगट धरले. मल्टिमीटर लावून दाखवला, तर त्या कंडेन्सरवर अजून अठ्ठावीस व्होल्ट उभे होते.

वीज तोडली म्हणजे वीज गेली असे नाही, ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कंडेन्सर ती साठवून ठेवतो. आमच्या यंत्रातला साठा जीव घेण्याइतका नव्हता, पण पेचकसाचे टोक वितळवून डोळ्यांत ठिणगी उडवण्याइतका होता. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, तिथे हीच चूक शेवटची ठरते. पुष्कळ कारागीर पेचकस आडवा टाकून 'ठो' करून तो साठा मोकळा करतात. तसे करू नये. एक किलो-ओहमचा, पाच वॅटचा रोधक चिमट्याने दोन टोकांना लावायचा आणि थांबायचे. हिशेबाने पंचवीसेक सेकंद लागतात. मग मीटर लावून शून्याची खात्री करायची आणि तोवर डावा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे धक्का बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जाणार नाही. ते पंचवीस सेकंद आम्ही दोघे शाळेतल्यासारखे गप्प बसलो होतो.

तेव्हाच धाकट्याचे लक्ष बाजूला उलट्या ठेवलेल्या लाकडी झाकणाकडे गेले. आतल्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिले होते. जंक्शनहून लूनावर येणारे एक मिस्त्री आमच्याकडे रेडिओ, पंखे दुरुस्त करत. अक्षर त्यांचे होते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाची पुष्पिका असते, तशा तीन नोंदी एकाखाली एक होत्या.

'१०-८-९३. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग नवे. फ्यूजात तार होती, काढली. दीडचा घातला.'

'१२-९-९३. डावा कमी, तक्रार. मीटरवर दोन्ही सारखे. पॉट साफ केले.'

'१७-१०-९३. डावा कमी. स्पीकर अदलले. पिना अदलल्या. तक्रार डावीकडेच. सेट ठीक.'

पहिली नोंद वाचून आम्हांला हलके वाटले. ऊस-बागायतीच्या या भागात पंपाच्या मोटारी वाइंड करणारी दुकाने बाजारगावांत असतातच, तशाच एखाद्या ठिकाणी मिस्त्रींनी तो ट्रान्सफॉर्मर भरून आणला असणार. आम्ही गाव सोडल्यावर दोन महिन्यांच्या आत यंत्र दुरुस्त झाले होते. मग अभ्रा कशासाठी होता, हा प्रश्न मागाहून आला.

थोरलीने तिसरी नोंद दोनदा वाचली. स्टिरिओच्या दुरुस्तीत अदलाबदल ही सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन याने डिसेंबर १९३१मध्ये ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंती दोन वेगळे ध्वनी वाहतात. आतली भिंत डावा, बाहेरची उजवा. सुईपासून स्पीकरपर्यंत दोन वाटा शेजारी-शेजारी, एकसारख्या चालतात. त्यामुळे एक बाजू बिघडली तर धडधाकट बाजूशी भाग अदलून पाहायचे. स्पीकर अदलल्यावर बिघाड उजवीकडे गेला तर दोष स्पीकरचा. प्लेअरच्या पिना अदलल्यावर गेला तर दोष प्लेअरचा. कशानेच हलला नाही तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या त्या वाटेचा. पण मिस्त्रींनी अ‍ॅम्प्लिफायरही मीटरवर मोजला होता आणि दोन्ही वाटा सारख्या होत्या. थोरली म्हणाली, "मग साखळीतला एकच भाग अदलायचा राहिला." धाकट्याला ते कळायला थोडा वेळ लागला. तो भाग म्हणजे समोर बसून ऐकणारा माणूस.

आम्ही पहिल्या दिवशीची छायाचित्रे काढून पाहिली. झाडताना, पुसताना आम्ही सगळी बटणे सहज फिरवली होती, पण छायाचित्रात ती जागच्या जागी होती. बॅलन्सचे बटण डावीकडे, अगदी शेवटच्या टोकाला वळलेले होते.

आईला विचारले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "डावा कान गेला होता त्यांचा," ती म्हणाली. "आधी मिस्त्रींनाच दोष दिला. तिसऱ्या खेपेला मिस्त्री गेल्यावर बराच वेळ नुसते बसून राहिले. मग म्हणाले, कुणाला सांगू नको. शाळेत कळलं तर म्हणतील, गुरुजींना ऐकू येत नाही." थोड्या वेळाने तिने विचारले, "तार तुम्हीच घातली होती ना? त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, मिस्त्रींनी काढली, झालं."

मग एकेक आठवू लागले. कालव्याच्या कडेने फिरायला जाताना ते आम्हांला नेहमी उजव्या हाताला घेत. डावीकडे उतार आहे, पडाल, म्हणत. जेवताना त्यांचा पाट भिंतीला लागून असे, भिंत डावीकडे येईल असा. १९९९ साली ते निवृत्त झाले, म्हणजे डावीकडच्या बाकांवरचे प्रश्न ऐकू न येता त्यांनी सहा वर्षे वर्ग घेतला. सहाही वर्षे आम्ही सुट्ट्यांना घरी येत होतो. आम्हांला आमचाच अपराध एवढा मोठा वाटत होता की त्यापलीकडचे काही पाहावे असे सुचले नाही.

एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण वर्गात शिकवतो. त्यांनी आधी अनेक प्रती जमवल्या, मग शुद्ध केले, आणि पुढच्यांना बजावले की यात स्वतःची ओवी घालू नका. या क्रमाचा अर्थ आम्हांला त्या झाकणाने शिकवला. फ्यूजमधली तार ही आमची प्रक्षिप्त ओवी होती. यंत्र तिने चालले, म्हणून ती आम्हांला बरोबर वाटली. आणि टोकाला वळलेले बटण हा विचित्र पाठ होता. छायाचित्र न घेता तो आम्ही मध्यावर 'शुद्ध' केला असता, तर अण्णांच्या त्या वर्षांची उरलेली एकमेव खूण पुसली गेली असती. चुकीचा दिसणारा पाठ दुरुस्त करण्याआधी तो नोंदवून ठेवावा, एवढेच पाठचिकित्सेचे आणि दुरुस्तीचे सामाईक शास्त्र आहे.

स्पीकर जोडण्यापूर्वी दोन्ही टोकांवर एकदिश व्होल्टेज मोजले. ते काही मिलिव्होल्टच होते. जास्त असते तर स्पीकरची कॉइल जळाली असती. घराच्या मुख्य फळीवर गावातल्या वायरमनकडून तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घेतला. मग तबकडी लावली. आई अण्णांच्या खुर्चीत न बसता दाराशी उभी राहून ऐकत होती. एक बाजू संपल्यावर म्हणाली, "आवाज दोन्हीकडून येतोय." त्यापुढे काही बोलली नाही.

झाकण लावण्यापूर्वी मिस्त्रींच्या नोंदींखाली आम्ही पेन्सिलीने चौथी लिहिली. तारीख, दोन कंडेन्सर बदलले, पट्टा नवा, फ्यूज दीडचाच. शेवटी, 'बॅलन्स पूर्ण डावीकडे होता.' आई आता रात्री झोपताना यंत्राचा प्लग काढून ठेवते आणि काढल्याचे आम्हांला फोनवर सांगते.