नऊ किलो सहाशे

पोषण ट्रॅकरमध्ये एका मुलाचं वजन भरायला जेमतेम दहा सेकंद लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी एका अडीच वर्षांच्या मुलीचं वजन ९ किलो ६०० ग्रॅम भरलं. त्या महिन्यात ती मुलगी काट्यावर बसलीच नव्हती.

माझी आई यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर मिनी अंगणवाडी सेविका आहे. पोड म्हणजे मुख्य गावापासून बाजूला, जंगलाच्या अंगाने वसलेली कोलामांची वस्ती. मिनी अंगणवाडी म्हणजे जिथे मदतनीस नसते. खिचडी शिजवणारी तीच, झाडणारी तीच, वजन करणारी तीच आणि गरोदर बाईच्या घरी तीन वेळा चक्कर मारणारीही तीच. तेव्हा तिचं मानधन होतं ७,२०० रुपये. (पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. आईला या शब्दाचा भारी राग आहे.)

आम्ही कोलाम नाही. आमचं गाव पोडापासून तीन किलोमीटरवर. आई तिथे रुजू झाली तेव्हा पहिल्या दिवशी एक पोरगा तिच्याकडे पाहून 'ईर, ईर' म्हणत रडत होता. आईला वाटलं, पोराला कुठे लागलं. ईर म्हणजे पाणी. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची. एमेन्यू नावाच्या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९५५ साली आख्खं पुस्तक छापलं, पण अंगणवाडी सेविकेच्या हातात तीतले दहा शब्दही कोणी दिले नव्हते. आईने ते पोरांकडूनच घेतले. आता ती 'एल्ला' म्हणते, म्हणजे घर, आणि पोरं तिला मराठी बडबडगीतं म्हणून दाखवतात.

महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र सरकार विशेष असुरक्षित मानतं, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांसोबत कोलाम येतात. त्यामुळे योजना भरपूर. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली, कलामांच्या नावाची. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना रोज एक वेळचं पूर्ण, गरम जेवण. पुढच्या वर्षी लहान मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. कागदावर ही मला सगळ्यात आवडणारी योजना आहे, आणि पोडावरही. कारण ती सोपी आहे. बाई अंगणवाडीत येते, बसून जेवते, उठून जाते. पाकीट घरी नेलं की ते सहा तोंडांत वाटलं जातं. ताट समोर असलं की तिचं तीच खाते. आठवा महिना लागलेली बाई सकाळी कापूस वेचून येते आणि भिंतीला टेकून वरण-भात, पालेभाजी, अंडं खाते, तेव्हा घरात कोणी तिला आधी वाढलेलं नसतं, हे आई मला सांगायची. मला ते बरीच वर्षं कळलं नव्हतं.

फोनचं काम मात्र माझ्याकडे. पोषण ट्रॅकर २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, त्यात आईही होती. पुढे भरणं भागच पडलं. मी यवतमाळला स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आई कागदावर वजनं लिहून फोटो पाठवायची, मी अभ्यासिकेच्या बाहेर पायरीवर बसून भरायची. पोडावर रेंज नाही, त्यामुळे ही सोय दोघींना बरी होती.

नोव्हेंबर म्हणजे वेचणी. त्या महिन्यात पोडावर दुपारी म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुत्री एवढंच सापडतं. किलोमागे नऊ-दहा रुपये मिळतात, मग आई-बाप पोरांना घेऊनच शेतात जातात. वजनाच्या दिवशी सात मुलं आली नाहीत. आई परत गेली, तेव्हा तीन मिळाली. चार राहिली. तेवढ्यात १५ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी झारखंडमध्ये खुंटीला जनमन योजना जाहीर केली, देशातल्या ७५ विशेष असुरक्षित जमातींसाठी, घरं, रस्ते, पाणी, अंगणवाड्या. पोडावर माहिती गोळा करायला माणसं येऊ लागली आणि आई त्यांच्या मागे घरोघर फिरू लागली. पोराचं वजन राहिलं, पण घर मोजलं गेलं.

महिनाअखेर आईचा कागद आला. चार नावांसमोर रिकामं. मी फोन केला, लागला नाही. माझा दुसऱ्या दिवशी सराव पेपर होता. मी ऑक्टोबरचे आकडे पाहिले आणि प्रत्येकात दोनशे ग्रॅम वाढवले. त्या मुलीचे ९ किलो ४०० होते, ९ किलो ६०० झाले.

४ डिसेंबरला संप सुरू झाला. मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. आई अंगणवाडीला कुलूप लावून आधी यवतमाळच्या मोर्चाला गेली, जानेवारीत मुंबईला आझाद मैदानावर. मी घर सांभाळायला गावी आले. मला आईचा अभिमान वाटत होता, आजही वाटतो. पण पोडावर डिसेंबरभर अंडं नाही, ताट नाही, हेही खरं होतं.

त्या मुलीची आजी एका सकाळी आमच्या दारात उभी राहिली.

"बाई नाई काय?"

"मुंबईला गेली, आजी."

"अंगणवाडी कधी उघडते? पोरगी खात नाई. हगवण लागली, पाय बारीक झाले."

मी आईला फोन केला. मागे घोषणा चालू होत्या. मला वाटलं, ती म्हणेल चावी घे आणि उघड.

"कुलूप उघडू नको," ती म्हणाली. "टेप माह्या निळ्या पिशवीत हाय, तो घे. दंडाले लाव अन मले आकडा सांग."

कुलूप उघडलं असतं तर संप फुटला, असं म्हणायला लोक टपलेलेच होते. पण टेप सरकारी असला तरी पिशवी आईची होती. आई असा विचार करते.

मुलगी खाटेवर पडलेली. मी दंडाला टेप लावला. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे मध्यम, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. तो ११.२ वर थांबला. मी परत लावला. दोनदा, तीनदा. आजी माझ्या तोंडाकडे पाहत होती, टेपकडे नाही.

आरोग्य केंद्रात काट्यावर ती ८ किलो ३०० भरली. डॉक्टर म्हणाले, पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा, चौदा दिवस. हे चौदा दिवस सांगायला सोपे आहेत. मुलीच्या आईला अजून दोन पोरं, आणि वेचणीचा शेवटचा जोर. बुडीत मजुरी मिळते, हे मी तिला समजावत होते. ती ऐकत होती आणि आजीशी कोलामीत बोलत होती. त्यातलं मला फक्त 'एल्ला' कळलं. शेवटी शेजारच्या दोघी म्हणाल्या, पोरं आमच्याकडे राहू दे. कोणत्या योजनेत हे बसत नाही, पण ती गेली ती त्यामुळे.

संप ५२ दिवसांनी, २५ जानेवारीला मिटला. आई परतली त्या रात्री मी तिला नोव्हेंबरचं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. मी आकडा खोटा भरला नसता, नाव रिकामं राहिलं असतं, तर संपाआधी ती एकदा तरी त्या घरी गेली असती. तिने ते यादीत शोधलं असतं. तिचं तसंच काम आहे, रिकाम्या जागा शोधत फिरायचं.

ती भाकरी थापत राहिली.

"तुले वाटते म्या कधी असं केलं नाई?"

"केलं?"

"दोन डाव. त्या पोरांचे नाव अजून पाठ हायेत मले."

तिने नावं सांगितली नाहीत, मी विचारली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत पोडावर गेले. काटा आढ्याला टांगला, रिकामी झोळी लावून शून्यावर आणला. ती मुलगी आईच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती, झोळीत बसल्यावर तर जोरात रडली. काटा हलत राहिला. आईने तिच्या पोटावर हात ठेवून कोलामीत काहीतरी म्हटलं, मग ती थोडी शांत झाली.

९ किलो १००. मी कागदावर लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.