माजघरातलं टेलिफोन एक्स्चेंज

घरात माणसं सात आणि मोबाइल सहा. मग आणखी फोन कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमची धाकटी जाऊही तसंच म्हणाली होती.

पण मैत्रिणींनो, जुन्या घरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हातभर रुंदीच्या दगडी भिंती. आतल्या खोलीत मोबाइलच्या रेघा कधी एक, तर कधी तीही नाही. आमच्या सासूबाईंची खोली नेमकी तीच, तळमजल्यावरची. आम्ही पहिल्या मजल्यावर, दीर-जाऊ दुसऱ्या. त्यातून सासूबाईंना मोबाइल वापरता येत नाही. समजत नाही असं मुळीच नव्हे. हात थरथरतात, आणि काचेवर बोट एका जागी टेकायचं ते दोन जागी टेकतं. मग त्या वैतागून तो उशीखाली सारून देतात.

आधी आम्ही विजेची घंटा लावून पाहिली. घंटा नुसती वाजते. पाणी हवंय, की छातीत दुखतंय, की मांजर आत शिरलंय, हे काही ती सांगत नाही. दर खेपेला जिने उतरून धावायचं. पुढे पुढे सासूबाई घंटेला हातच लावीनाशा झाल्या. ‘उगीच तुमची झोपमोड,’ म्हणायच्या. माझ्या जिवाला खरा घोर लागला तो तिथून.

त्यांना हवा होता तो आपला जुना टेलिफोन. उचलायचा, कानाला लावायचा, बोलायचं. असा फोन माळ्यावर पडलाच होता. नव्हतं ते फक्त एक्स्चेंज!

तर ते एक्स्चेंज मी घरातच केलं, आणि तेही घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात. ऐकायला मोठं वाटतं, पण माझी बी.ए.ची पदवी इतिहासाची आहे, एवढं सांगितलं म्हणजे तुम्हाला धीर येईल.

ह्याच्या मुळाशी ‘अॅस्टरिस्क’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. अॅस्टरिस्क म्हणजे टेलिफोनच्या बटणांवरची ती चांदणी. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९९ च्या सुमारास तो लिहिला. त्याने छोटी कंपनी काढली होती आणि ऑफिसात लावायला टेलिफोनची यंत्रणा हवी होती. तिची किंमत परवडेना, म्हणून पठ्ठ्याने स्वतःच लिहून काढली आणि सगळ्यांना फुकट खुली केली! ह्या अॅस्टरिस्कला माउसने हाताळता येईल असं रूप देणारा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे ‘फ्रीपीबीएक्स’. तोही फुकट मिळतो.

अडचण एकच होती. ह्या मंडळींना लिनक्स लागतं, आणि आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज. त्यावर ह्यांचे दुकानाचे हिशेब आणि माझ्या शाळेच्या गुणपत्रिका. ते सगळं पुसून टाकायला कोण देणार? अशा वेळी कामी येतं ते ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. वाड्यात पोटभाडेकरू ठेवावा, तसा. त्याला थोडी जागा द्यायची आणि थोडी मेमरी. मालकाच्या खोल्यांत तो पाऊल टाकत नाही. ही कल्पना काही आजकालची नाही बरं का. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ होता, त्याच १९७२ साली आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी सोय बाजारात आणली होती. मी ‘व्हर्च्युअलबॉक्स’ घेतलं. कॉम्प्युटरच्या आठ जीबी मेमरीतली दोन पोटभाडेकरूला दिली आणि डिस्कची वीस जीबी जागा. घरातल्या पाच-सहा फोनांना तेवढं पुष्कळ होतं.

ह्या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे ‘स्नॅपशॉट’. काही नवं करून बघण्याआधी मशीनची आहे ती स्थिती जपून ठेवायची. बिघडलं तर एका बटणावर पुन्हा पहिल्यासारखं. विणताना नमुना बदलण्यापूर्वी आपण सुयांवरच्या टाक्यांतून वेगळा दोरा ओवून ठेवतो ना, तेच हे. उसवायची वेळ आली तर दोऱ्यापाशी थांबायचं. एवढी हमी असली की बाईमाणूस न घाबरता पुढे जाते.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात घ्या. पहिली, पोटभाडेकरूच्या पत्त्याची. व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क देताना ‘नॅट’ हा प्रकार आपोआप निवडलेला असतो. त्यात त्याची सगळी टपाल मालकाच्या नावावर येते. मग एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येतं, दुसऱ्याचं पहिल्याला येत नाही, किंवा फोन जोडलाच जात नाही. तिथे ‘ब्रिज्ड’ निवडा. मग राउटर त्याला वेगळा पत्ता देतो, दारावर वेगळी पाटी लागते. आणि हा कॉम्प्युटर वाय-फायवर न ठेवता तारेने राउटरला जोडलेला बरा. दुसरी गोष्ट झोपेची. विंडोज काही वेळाने आपण होऊन झोपी जातं, आणि मालक झोपला की पोटभाडेकरूही झोपतो. ती सवय मोडायची, नाहीतर नेमकं रात्री एक्स्चेंज बंद!

सासूबाईंच्या जुन्या फोनसाठी एक छोटा अडॅप्टर आणला. त्याच्या एका बाजूला टेलिफोन, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची तार. त्याला असं शिकवून ठेवता येतं, की रिसीव्हर उचलला की नंबर न फिरवताच ठरलेला फोन लागावा. आमच्याकडे उचलला की दोन्ही मजल्यांवरचे फोन एकदम वाजतात. ज्याने आधी उचलला तो बोलतो, बाकीचे गप्प होतात. वरच्या मजल्यांवर मोबाइलमध्येच ‘लिनफोन’ नावाचं अॅप घातलंय. ते घरच्या वाय-फायवर चालतं. (मोबाइल बॅटरी वाचवायला असली अॅप निजवून टाकतो. तिथे ह्या अॅपला सूट द्यावी लागते.) घरातले नंबर मी २०१ पासून पुढे दिले. १०१, ११२ हे आकडे मुलांच्या डोक्यात पोलीस नि बंब म्हणूनच राहायला हवेत. पहिली परीक्षा घ्यायची तर स्टार-चार-तीन दाबा. आपलाच आवाज परत ऐकू आला की समजा, गंगेत घोडं न्हालं.

आणखी एक. हे फोन घरातल्या घरात चालतात. ह्यावरून पोलिसांना किंवा डॉक्टरांना फोन लागत नाही. बाहेरची लाइन हवी तर ती परवाना असलेल्या कंपनीकडूनच रीतसर घ्यावी लागते. त्या भानगडीत मी पडले नाही. राउटरचं कुठलंही दार बाहेरच्यांसाठी उघडू नका. असली एक्स्चेंजेस हुडकत फिरणारे चोरटे जगभर आहेत. आणि वीज गेली की आमचं एक्स्चेंज मुकं होतं. पूर्वीच्या फोनला तारेतूनच वीज मिळायची, तो अंधारातही वाजायचा. म्हणून कॉम्प्युटर, राउटर आणि अडॅप्टर, तिन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत.

सगळं लागी लागल्यावर एके दिवशी धाकटी जाऊ भाजी निवडता निवडता म्हणाली, “वहिनी, आमचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं का हो?”

प्रश्न रास्त होता. एक्स्चेंज ज्याच्या हाती, त्याच्याविषयी हा संशय फार जुना आहे. टेलिफोन जोडून देण्याच्या कामावर १८७८ साली बोस्टनला पहिली बाई नेमली गेली. तेव्हापासून ऑपरेटर म्हटलं की कान टवकारलेली बाईच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत स्ट्राउजर नावाचा एक अंत्यविधीचा व्यावसायिक होता. ऑपरेटरबाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असं त्याच्या मनाने घेतलं, अशी गोष्ट सांगतात. त्याने ऑपरेटरवाचून चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं. त्याचं पेटंट १८९१ सालचं आहे.

मी धाकटीला हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. दोघींनी मिळून पाहिलं. ५५५ फिरवून दुसऱ्याचं चालू बोलणं ऐकायची सोय त्यात खरोखरच आहे! ऑफिसातल्या साहेबांसाठी केलेली असणार. तिच्यासमोर ती बंद केली. बोलणं मुद्रित करायची सोयही बंद केली. राहिली ती फक्त यादी. कुठला फोन, किती वाजता, किती सेकंद. ती असू द्यावी, असं तीच म्हणाली. बिघाड शोधायला लागते.

त्या यादीवर बोट ठेवून तीच एकदम थांबली. पहाटे तीन-सव्वातीनच्या सुमाराला सासूबाईंच्या खोलीतून लागलेले फोन होते. दोन सेकंद, तीन सेकंद. कोणी उचलण्याआधीच ठेवून दिलेले. एका आठवड्यात असे चार.

आम्ही दोघी किती तरी वेळ काही बोललो नाही. विचारावं, तर आपल्यावर पाळत आहे असं त्यांना वाटणार, आणि तोही फोन घंटेसारखा सुटणार. न विचारावं, तर मनाला पटेना. शेवटी त्यांना काही विचारायचं नाही असं ठरलं. धाकटी आता रात्री दहाला दूध घेऊन खाली जाते आणि तासभर बसते. माहेरच्या, शेतीच्या, कसल्या कसल्या गप्पा चालतात. पहाटेचे फोन अगदी थांबलेत असं नाही. पण परवा एक अकरा मिनिटांचा होता. ह्यांनीच उचलला होता, आणि सकाळी मला म्हणाले, “काही नाही, आईला झोप येत नव्हती.”

यादी आता आठवड्यातून एकदाच बघायची, आणि दोघींनी मिळून. पासवर्डाचा कागद धाकटीच्या कपाटात असतो. मला लागला की मागून घ्यावा लागतो.