धामणगावच्या वाटेवर

वडील गेले त्याला दोन वर्षं झाली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मी चार शब्द बोललो. वडील कष्टाळू होते, अर्धपोटी राहून त्यांनी आम्हा चार भावंडांना शिकवलं, हे सांगितलं. ते दारू पीत, पगाराच्या दिवशी आईला कारखान्याच्या गेटवर उभं राहावं लागे, हे मात्र सांगितलं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "निम्मंच बोललास रे." ते मनाला लागून राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन अकोले तालुक्यात गेलो. अहमदनगर जिल्ह्याचं, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरचं, हे पश्चिमेचं टोक. संगमनेर सोडलं की एस.टी.ला प्रवरेची सोबत असते. वर भंडारदऱ्याचं १९२६ साली पुरं झालेलं धरण आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. मुलाला शिखर बघायचं होतं. मला बघायचं होतं धामणगाव, दया पवारांचं गाव.

दगडू मारुती पवार १९३५ साली जन्मले. वडील मुंबईच्या गोदीत कामाला. दगडूचं बालपण मुंबईचा कावाखाना आणि गावचा महारवाडा यांत वाटलं गेलं. गावकीची राबणूक करायची, मेलेली जनावरं ओढायची आणि सुगीला हात पसरून धान्याचा वाटा घ्यायचा. तो वाटा म्हणजे बलुतं. १९५८ सालच्या कायद्यानं ही वतनं गेली. दगडू शिकला, मुंबईत नोकरीला लागला, आपल्यासारख्याच कचेरीतल्या फायली चाळल्या. आणि १९७८ साली त्यानं 'बलुतं' लिहिलं.

त्या पुस्तकात पवारांनी बापाची माया सांगितली, तसं बापाचं व्यसनही सांगितलं. आपला पहिला संसार कसा मोडला, त्यात आपण कुठे कमी पडलो, तेही झाकलं नाही. समाजाची लक्तरं वेशीवर टांगली, असं आपल्यातलेच काही म्हणाले. बी.कॉम.ला असताना पुस्तक वाचून मीही तेच म्हणालो होतो! पण लोकांनी ते वाचलं. १९९० साली पवारांना पद्मश्री मिळाली. १९९६ साली ते गेले.

मागे काय ठेवलं? त्यांच्या कन्या प्रज्ञा कवयित्री आहेत. आधी त्या प्रज्ञा लोखंडे या नावानं लिहीत. पुढे त्यांनी प्रज्ञा दया पवार हे नाव लावलं. २०१५ साली देशातल्या वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ त्यांनी राज्य शासनाचे पुरस्कार परत केले. बापानं सातबारा ठेवला नसेल, पण खरं बोलायची सवय ठेवली, असं मला वाटतं.

परतीच्या वाटेवर अकोल्याच्या स्टँडवर चहा घेताना मी मुलाला आजोबांची सगळी हकीकत सांगितली. गेटवर उभी राहणारी आई, रिकामं पाकीट, रात्रीची भांडणं, सगळं. तो गप्प ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "आजोबांनी दारू सोडली का?"

"सोडली. मी दहावीला होतो. फीचे पैसे त्यांनी पिऊन टाकले, म्हणून आईनं मंगळसूत्र मोडलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. नंतर बाटलीला हात लावला नाही. हात थरथरायचे, पण तसेच कामावर जायचे."

"मग हे विहारात का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दारू लपवताना ती सोडण्याची त्यांची हिंमतही मी लपवली होती. आमच्या वस्तीत आजही कितीतरी बायका पगाराच्या दिवशी गेटवर उभ्या असतात. त्यांच्या घरच्यांना कष्टाळू बापापेक्षा दारू सोडलेला बाप जास्त उपयोगी पडला असता.

यंदाच्या स्मृतिदिनी विहारात पुन्हा बोलणार आहे. आईला विचारलं, "सगळं सांगू?" ती म्हणाली, "सांग. मी पुढच्या रांगेत बसते."