पांचवी तार

सोयगांवचा वैशाख ज्यानें भोगला नाहीं, त्याला आमच्या कुलरचें माहात्म्य कळावयाचें नाहीं. पत्र्याची पेटी, तीन बाजूंस गवताच्या जाळ्या, आंत पंखा व पाण्याची मोटर; दुपारीं चार बादल्या ओतल्या कीं संस्थान चालूं. अशा घरीं गेल्या दिवाळींत चिरंजीवानें अमेरिकेहून एक वाटोळा, गोंडस थर्मोस्टॅट आणला. "बाबा, उन्हाळ्यांत हा भिंतीवर लावून घ्या. घर गार ठेवायचं काम तो आपोआप करील. तुम्हांला उठावं लागणार नाहीं." आमचे गुडघे त्याच्या लक्षांत होते.

चैत्र सरतांना वायरमनला बोलावलें. यंत्राच्या पाठीवर आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशीं अक्षरें होतीं. आम्हीं चष्मा लावून माहितीपत्रक वाचलें. तिकडे पुष्कळ घरांत एकच भट्टी व एकच शीतयंत्र असतें, आणि भिंतीपर्यंत येणाऱ्या तारांत अवघा २४ व्होल्टांचा प्रवाह. एक तार वीज आणते. बाकीच्या तीन ऊब, गारवा व पंखा यांना हुकूम पोंचवितात. जुना थर्मोस्टॅट केवळ तारा जोडी वा तोडी. त्याला स्वतःला वीज लागत नसे. हा नवा शहाणा अहोरात्र जागा, म्हणून त्याला परतीची पांचवी तार हवी. ती नसल्यानें तिकडच्या जुन्या घरांतही तो अडून बसतो म्हणे. (१८८३ सालीं विजेच्या थर्मोस्टॅटचें पेटंट घेणारा वॉरन जॉन्सन हा शिक्षक होता, वर्गाची ऊब पाहावयास नोकर वारंवार येई, त्याला तो कंटाळला होता. आम्हीही जन्मभर शिक्षकी केली. पण आमच्या वर्गांत ऊब कधीं कमी पडली नाहीं.)

वायरमननें बोर्ड उघडला. "काका, इथं २३० येतात. जोडला कीं जळाला! आणि तुमच्या बोर्डांत न्यूट्रलच नाहीं. तो वरच्यावर दिव्याकडे गेलाय." म्हणजे परतीच्या तारेची वाण येथेंही होतीच. शिवाय कुलर असल्या हुकमांत वागणारा नव्हे. मे महिन्यांत सांगितलेला गारवा त्याच्यानें कधींच गांठवत नाहीं, आणि मृग लागला कीं तोच दमट वाफ सोडूं लागतो.

रविवारीं फोन आला. "बाबा, लावलात का?"

खोटें सांगण्याचें मनांत आलें होतें. पण खरें तें सांगितलें. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तर मग कुलरला पाणी कोण ओततं?"

आम्हीं नातवाची चौकशी केली.