हातच्यात हरवलेला आठ

नऊ एक ओळीने मांडावेत : 111111111. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. या संख्येला तिनेच गुणावे, आणि तेही कागदावर, कारण सारी गंमत मांडणीत आहे. नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक, प्रत्येक ओळ वरचीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. मग उजवीकडून बेरीज. पहिल्या घरात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे चढत चढत मधोमध नऊ. तिथून पुन्हा उतार. हातचा कुठेच नाही.

उत्तर : 12345678987654321.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत करत परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. या संख्येचा पहिला एक सतराव्या स्थानी उभा आहे. त्या स्थानाचे नाव ‘मध्य’.

121, 12321, 1234321 या कुळाला ‘डेमलो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डहाणूत 1905 साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर होते. 6174 या संख्येमुळे त्यांचे नाव पुढे जगभर गेले. 1975 मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले. डेमलो हे नाव मात्र रेल्वे स्थानकाचे, आजच्या डोंबिवलीचे. कल्पना जिथे सुचली, त्या जागेचे ऋण त्यांनी असे संख्येच्या कपाळी लिहून ठेवले.

आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती त्यांची ‘हर्षद’ संख्या, आनंद देणारी. आपल्या सतरा अंकांची बेरीज 81. भाग जातो का? जातो, आणि भागाकारही पूर्ण वर्ग निघतो : 12345679 चा वर्ग.

इथे डोळा अडखळतो. सातानंतर थेट नऊ. आठ कुठे आहे? लिहिणाऱ्याची चूक वाटावी, पण 12345679 ला नवाने गुणले की पुन्हा नऊ एक झळकतात; त्रेसष्टने गुणले की नऊ साते.

त्या आठाचा माग काढायला आणखी एक एक जोडावा. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या घरात दहा जमतात. पहिल्यांदाच हातचा येतो. शून्य मांडून तो डावीकडच्या नवाकडे जातो, त्याचेही दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा, आणि तो आठावर बसतो. आठाचा नऊ होतो. उत्तर एकोणीस अंकी, परार्धाच्याही पलीकडचे : 1234567900987654321. उजवा उतार जसाच्या तसा. डाव्या चढावर मात्र तेच जुने 12345679, आणि त्यापुढे दोन शून्ये.